कान दाबून धर

सोमवार, ३

मालकांनी आज ही डायरी दिली. म्हणाले, "आता तुम्ही मुख्य निवडणाऱ्या. रोजचं लिहीत जा." त्यांच्या मनात मालाचं लिहिणं असावं. ते मी रजिस्टरमध्ये लिहितेच. इथे मला हवं ते लिहीन. अकरा वर्षं लोकांचे केस हातात धरून पोटात जे साठलंय ते कुठेतरी ओतायला हवं.

आमचा धंदा केसांचा. फण्यांत अडकलेली गुंतवळ, कापलेल्या वेण्या, सगळं गोण्या भरून येतं. आम्ही ते सोडवतो, धुतो, मुळं एका बाजूला आणि टोकं दुसऱ्या बाजूला लावतो. मग त्यांचे टोप होतात, गंगावनं होतात. ऐकायला छान वाटतं. पण गोणी उघडल्यावर जो भपकारा येतो, शिळ्या तेलाचा, कोंड्याचा, कोणाकोणाच्या घामाचा, त्याला नाव नाही. मागच्या आठवड्यात एका गुंतवळीत चघळलेला च्युइंगम निघाला, दातांच्या खुणांसकट. टोप चढवून आरशापुढे मुरकणाऱ्या बायकांना एकदा आमच्या गोणीत तोंड घालायला लावलं पाहिजे.

माझी बोटं मात्र प्रसिद्ध आहेत. डोळे मिटून सांगते, हा सरळ, हा लाटेचा, ही मेंढी. मेंढी म्हणजे नदीपलीकडच्या लोकांचे ते बारीक पिळाचे, फुगणारे केस. टोपात चालत नाहीत, गाद्या भरणारा घेऊन जातो. मेंढी हा शब्द मीच काढला. आता मालकही वापरतात.

टेबलावरचा ग्लासही माझाच शोध. पलीकडच्या बायका बिलंदर. केस तापल्या लोखंडाने सरळ करून, वर तेल चोपडून, चांगला माल म्हणून आणायच्या. मालक दोनदा फसले. मग मी सांगितलं, कोमट पाण्याचा ग्लास ठेवा आणि बट बुडवा. जातीचा सरळ केस पाण्यात नुसता लोळतो. इस्त्री केलेला असला की दोन क्षणांत आखडून मूळपदावर येतो. मालक म्हणाले, "तुम्हाला कसं हो हे सुचलं?" मी म्हटलं, निरीक्षण.

पुढच्या महिन्यात शोरूम उघडणार. काउंटरवर मी. "तुमचे केस हीच आपली जाहिरात," असं मालक सगळ्यांसमोर म्हणाले. त्याआधी २८ तारखेला एक मोठी खरेदीदार बाई माल बघायला येणार आहे. तिला पसंत पडलं तरच शोरूम.

येताना आभाळ जरा भरून आल्यासारखं वाटलं, म्हणून प्लास्टिकची टोपी घातली आणि वर छत्री उघडली. एक थेंब पडला नाही. लोक वळून बघत होते.

मंगळवार, ४

कामावरच्या चहात केस. माझा नाही, लांब होता आणि तांबूस होता. अर्धा कप पोटात गेल्यावर दिसला. जेवणाची सुट्टी मोरीपाशी उभी राहून काढली.

चष्मेवाली माझ्या शेजारी बसते. तिला प्रत्येकीच्या घरातलं कळायला हवं असतं. म्हणाली, "तुम्ही वाफेच्या खोलीत कधीच कशा येत नाही हो?" मी म्हटलं, वाफेने माझं डोकं दुखतं. म्हणाली, "आणि न्हाणं? तेव्हा नाही दुखत?" हिला चष्मा आहे तेच बरं, नाहीतर भिंतीपलीकडचं दिसलं असतं.

शुक्रवार, ७

दुपारी मागच्या खिडकीवर एक म्हातारी आली. मागचं दार गुंतवळवाल्यांचं. 'केस विकणाऱ्यांनी मागच्या दाराने यावे' ही पाटीसुद्धा माझ्याच हातची आहे, अक्षर चांगलं म्हणून मला लिहायला लावली होती. म्हातारीने फडक्यातून एक वेणी काढली. हातभर लांब, काळीभोर, तेलाने चकचकीत. सुनेची म्हणाली. चष्मेवालीने हात फिरवून लगेच सांगितलं, "सरळ. एक नंबर." मी बोटांत धरली. अगदी मुळाशी एक बारीकसा हट्ट लागला. तो माझ्याशिवाय कोणाला लागणार नाही.

मी सगळ्यांदेखत ग्लास पुढे ओढला आणि बट बुडवली. बघता बघता तिचा गोळा झाला. मी म्हटलं, "आजी, मेंढीला साबण लावला म्हणून तिचा घोडा होत नाही." सगळ्या खो खो हसल्या.

म्हातारी ओशाळेल असं वाटलं होतं. ओशाळली नाही. वेणी शांतपणे फडक्यात गुंडाळली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग खिडकीतून हात आत घालून तिने माझ्या डाव्या कानामागे बोट टेकवलं. तिथे माझा लहानपणीचा डाग आहे. म्हणाली, "कान दाबून धरायला कोणी सांगितलं नव्हतं का गं तुला?"

गं! मी तिची कोण लागते? मला इतकी शिसारी आली की तीन वेळा साबणाने कान धुतला, एका हाताने केस वर धरून, थेंब उडू न देता. वॉचमनला बजावलं, ही बाई पुन्हा दिसता कामा नये. चष्मेवालीने डागाचं विचारलं. मी म्हटलं, चहा सांडला होता. म्हणे, "कानामागे?" नसत्या चौकशा.

रविवार, ९

रविवारी माझं एक काम असतं. बाथरूमची कडी लावून दोन तास. घरात सगळ्यांना माहीत आहे की रविवारी सकाळी आईला हाक मारायची नाही. कशाचं काम ते इथे लिहिण्याचं कारण नाही.

आज मशीनच्या प्लगमधून ठिणगी उडाली आणि ते थंड पडलं. अर्धं डोकं झालेलं, अर्धं राहिलेलं. आरशात बघवेना. डाव्या बाजूला मी आणि उजव्या बाजूला कोण कुठली बाई. रुमाल बांधून बाहेर आले, डोकं दुखतंय म्हणाले. हे म्हणाले, "झोप जरा. आम्ही दोघं बाहेर फिरून येतो." नशीब. हे आणि लेक जिना उतरल्याची खात्री करून ट्रंकेच्या तळातली आईची लोखंडी फणी काढली आणि गॅसवर तापवली. बारा वर्षांनी हातात धरली असेल. उरलेलं काम तिनेच केलं. वास जाईना म्हणून मुद्दाम कांदा करपवला.

परत आल्यावर यांनी दारातच नाक वर केलं. "कांदा का?" म्हणाले. मी म्हटलं, कांदाच. बरं म्हणाले.

बुधवार, १२

शाळेतून चिठ्ठी. २५ तारखेला वर्गाचा फोटो आहे. 'आपल्या पाल्याचे केस फुगलेले असल्याने मागच्या मुलांना अडथळा होतो. ते व्यवस्थित करून पाठवावे, अन्यथा पाल्यास शेवटच्या रांगेत उभे राहावे लागेल.'

शाळेचं काय चुकलं? लेक तेरा वर्षांची झाली, पण डोक्यावर हे असं. फणी घातली तर फणी उभी राहते. उशीवर, सोफ्यावर, माझ्या ताटाच्या कडेला तिचे ते स्प्रिंगसारखे तुकडे सापडतात आणि माझा घास घशात अडकतो. दिवसभर मेंढी निवडून घरी यावं तर घरी तेच. हे लाडाने तिला फुलकोबी म्हणतात आणि ती खुशीत हसते. मला त्या भाजीचासुद्धा वीट आलाय.

रात्री जेवताना तिने विचारलं, "आई, माझे केस कोणावर गेलेत?"

मी म्हटलं, "बाबांच्या घराण्यावर."

यांनी स्वतःच्या टकलावरून हात फिरवला. "माझ्यावर? माझ्याकडे आहेत कुठे?"

"तुमचे आजोबा असतील तसे."

"आजोबांचे तर सुतासारखे सरळ होते," हे म्हणाले आणि मग माझ्या तोंडाकडे बघून थांबले. "पणजोबांचं माहीत नाही बुवा. असतील."

लेक आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मी तिला म्हटलं, जेव मुकाट्याने.

रविवार, १६

मशीन आज आपोआप चालू झालं. दुकानात टाकायच्या आधी एकदा प्लग लावून बघितला तर पहिल्यापेक्षा लवकर तापलं. वायरीला नवी काळी पट्टीसुद्धा दिसली. आधीचीच असेल, माझं लक्ष गेलं नसेल. काही वस्तू आपोआप सुधारतात. माणसांचं तसं नाही.

हे लिफ्ट दुरुस्त करतात. रविवारीसुद्धा खिशात पेचकस. मी बाहेर आले तेव्हा पेपर वाचत होते. पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही." मी विचारलं, कशाबद्दल बोलताय? म्हणाले, "काही नाही. शब्दकोडं." यांना शब्दकोडं सोडवताना मी कधी पाहिलेलं नाही.

गुरुवार, २०

शोरूमसाठी माझा फोटो काढला. पाठमोरा, केस मोकळे सोडून. तोंड दिसत नाही. खाली लिहिणार, 'शुद्ध, जातिवंत, सरळ.' फोटोवाला म्हणाला, "जरा पाणी मारू का? चमक येईल." मी इतक्या जोरात नको म्हणाले की त्याच्या हातातली बाटली पडली.

मालकांना राग आला नाही. म्हणाले, "बरोबर आहे, चांगल्या मालाला पाण्याची गरज नसते."

शनिवार, २२

आज ठरवून लेकीला बसवलं. फोटो तीन दिवसांवर आला. तिच्या भल्यासाठीच ना? आम्ही ज्या रांगेतून पुढे आलो तिथेच तिला परत उभं करायचं का?

म्हणजे मी. मी पुढे आले.

आता लिहायलाच बसले आहे तर लिहिते. ही वही माझ्या कपाटात, चावी माझ्या कमरेला. माझी आई मला कडेवर घेऊन नदी ओलांडून आली. इकडे आल्यावर तिने डोक्यावरचा फडका काढला आणि बोली बदलली. दर रविवारी पहाटे ती मला स्टोव्हपाशी बसवायची. फणी तापली की आधी वर्तमानपत्रावर टेकवून बघायची. कागद पिवळा पडला तर ठीक, तपकिरी पडला तर जरा थांबायची. मग म्हणायची, "कान दाबून धर." मी दोन्ही हातांनी कान दुमडून धरायचे. एकदा दारावर थाप पडली आणि मी दचकून हात सोडला. आईने फणी टाकून आधी माझ्या तोंडावर हात ठेवला, ओरडू नये म्हणून. थाप मारणारी शेजारीण साखर मागायला आली होती.

तर लेकीला बसवलं. मशीन तापलं. ती खांदे आखडून बसली, पण बसली. पहिली बट घेतली आणि माझ्या तोंडून गेलं, "कान दाबून धर."

ती तशीच गर्रकन वळली. "तुला कोण म्हणायचं असं?"

"कोणी नाही. गप बस."

"तू दर रविवारी हेच करतेस ना आत?"

मी तिच्या थोबाडीत मारली. मशीन दुसऱ्या हातात होतं. या हातात असतं तर? ती रडली नाही. म्हणाली, "मला मागची रांग चालेल." आणि गॅलरीत जाऊन बसली, ते झाड मोकळं सोडून, सगळ्या गल्लीला दिसेल असं.

मंगळवार, २५

गेली तशीच. मागच्या रांगेत उभी केली. हे म्हणाले, "उंच आहे ना, मागेच उभं करणार." ती उंच नाही.

शुक्रवार, २८

लिहू की नको असं दोन तास चाललंय. ओकारीसारखं आहे, आली की काढलेली बरी.

खरेदीदार बाई अकराला आली. पांढरे हातमोजे घालून. तिलाही किळस येत असणार, पण तिला मोजे परवडतात. मी टेबलाशी उभी राहून माल दाखवला, ग्लास दाखवला. ती खूश झाली. मग मोजा काढून तिने माझ्या केसांतून हात फिरवला, विचारलंसुद्धा नाही, दुकानातल्या कापडावरून फिरवतात तसा. "हे तर तुमच्या सगळ्या मालाहून सरस," म्हणाली. "यांचीच एक बट बुडवा ना. गंमत बघू."

मालक हसले. "हो, हो, बाई, होऊन जाऊ द्या." आणि कात्री माझ्या हातात दिली.

मी कात्रीचं पातं पुसत राहिले. तेवढ्यात मागच्या दाराशी लेक दिसली. शाळा अर्ध्यातून सुटली होती आणि घराची चावी माझ्या कमरेला. आतापर्यंत ती कधी कारखान्यात आली नव्हती. मीच येऊ देत नसे. दारात उजेड होता आणि त्या उजेडात तिचं डोकं केवढं तरी मोठं दिसत होतं. चष्मेवाली म्हणाली, "अगं बाई, ही कोणाची?"

आणि मी म्हटलं, "गुंतवळवाल्यांपैकी कोणाची तरी असेल."

माझाच आवाज. अगदी सहज. मेंढी, गादीचा माल, म्हणते ना, तसा.

लेक माझ्याकडे बघत होती. माझ्या हातातली कात्री, पुढचा ग्लास, खरेदीदार बाईच्या बोटांत माझी बट. तिला सगळं कळलं, कारण ती पुढे आली आणि त्या बाईला म्हणाली, "त्यांचे नको. माझे घ्या. फरक लगेच दिसेल."

खरेदीदार बाईने टाळी वाजवली. "हुशार आहे पोर!"

लेकीने मान खाली घातली, माझ्यापुढे. मी कापली. एका ग्लासात मालाची बट आणि दुसऱ्यात तिची. मी माझं नेहमीचं बोलले, "हे बघा, हे असं होतं. असा माल आम्ही घेत नाही." खरेदीदार बाईने ग्लास उचलून उजेडात धरला आणि "शी" म्हणाली. मालकांनी लेकीला टेबलावरची दोन चॉकलेटं दिली.

ती म्हणाली, "थँक्यू." मग माझ्याकडे वळून, "येते, बाई."

चावी न मागताच गेली. मागितली असती तर कळलं असतं.

शोरूम पक्की झाली. मालकांनी पेढे वाटताना असतो तसा चेहरा करून सगळ्यांशी हात मिळवले. मी मोरीवर जाऊन सकाळचं सगळं ओकले. संध्याकाळी जिन्यात लेक पायरीवर बसलेली होती, दुपारपासून. शेजारी दोन्ही चॉकलेटं, उघडलेली नव्हती. मी चावी काढली. ती बाजूला सरकली, शेजारच्या बाईला वाट द्यावी तशी.

शनिवार, २९

यांना लेकीने सांगितलं की नाही, कळत नाही. हे रोजच्यासारखे वागतात, फक्त मला चहा देताना कप ठेवतात, हातात देत नाहीत.

आत्तापर्यंत मला लोकांच्या केसांची किळस यायची. आज भाकरीचा पहिला तुकडा मोडला आणि स्वतःच्या बोटांची आली. जेवले नाही.

रविवार, ३०

सकाळी उठले तर बाथरूमची कडी आतून लावलेली. माझ्या वेळेला. मला वाटलं हे असतील, पण हे गॅलरीत होते. दार ठोठावलं तर लेकीचा आवाज, "रविवारी हाक मारायची नाही." मी बाहेर स्टुलावर बसून राहिले. दोन तास. मग दाराच्या फटीतून तो वास आला. माझी आई मेली तरी तो वास मेला नाही.

ती बाहेर आली. सगळे केस सरळ, खांद्यावर पडलेले, मधोमध भांग. तेरा वर्षं मी हेच मागत होते. माझी बोटं त्या केसांकडे बघून आपणहून हलली, सरळ, एक नंबर. ती कुठल्याही चांगल्या घरातली मुलगी दिसत होती. माझी दिसत नव्हती. डाव्या कानाची पाळी लालभडक, वर फोड येऊ लागलेला.

"एकटीला कान धरता येत नाही," ती म्हणाली. "दोन्ही हात लागतात." आणि मग, "आता चालेल? आता आले तर कोणाची सांगशील?"

मी आत गेले आणि बादलीतल्या कोमट पाण्याचा तांब्या भरून आणला. तिला खाली बसवलं, फोड हाताने झाकून धरला आणि तांब्या तिच्या डोक्यावर ओतला.

ती किंचाळली. "अगं दोन तास लागले मला!"

"मला चाळीस वर्षं लागली," मी म्हटलं. "गप बस."

माझ्या बोटांखाली ते केस उठायला लागले. एकेक बट आखडून, वळून, आपल्या जागी येऊन बसत होती. हजार वेळा ग्लासात बघितलंय मी हे, आणि दर वेळी चोर पकडल्यासारखी हसलेय. आज मी तिला म्हटलं, "माझी. माझी म्हणून सांगेन. माझं चुकलं गं बाळा." मग तिने माझ्या हातातून तांब्या घेतला, बादलीत बुडवला आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. विचारत होती. मी मान खाली केली.

बाहेरून हे म्हणाले, "प्लग पुन्हा ढिला झाला का? गेल्या दहा वर्षांत सहा वेळा बसवलाय मी तो."

मी म्हटलं, "राहू दे आता. पाणी आणा अजून एक बादली."

लगेच आणली. भरूनच ठेवली होती की काय कोण जाणे.

सोमवार, ३१

मालक दहाला आले. माझ्या टेबलाशी थांबले. मी काही बोलायच्या आधी त्यांची नजर ग्लासाकडे गेली, मग माझ्या डोक्याकडे, मग परत ग्लासाकडे. अकरा वर्षांचा हिशेब एका क्षणात जुळताना मी त्यांच्या चेहऱ्यावर बघितला. "तुम्ही आमचा केसाने गळा कापलात," म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, एकही खोटी बट तुमच्या मालात जाऊ दिली नाही. खोटी होती ती फक्त माझ्या डोक्यावरची." त्यांनी तिथेच निकाल दिला. शोरूमला चष्मेवाली बसणार. मी आत, मागच्या खोलीत. बोटं लागतात त्यांना, ती कोणाला मिळणार? "गिऱ्हाईक आलं की पुढे येऊ नका," हे मात्र दोनदा सांगितलं. तेव्हा मला किळस आली, जुनीच, ओळखीची. फक्त या वेळी ती कोणाची आली ते मला नीट कळलं. किती दिवस इथे बसेन माहीत नाही. ग्लास मोरीत ओतला आणि पालथा घालून ठेवला. कोणी सुलटा केला नाही.

चष्मेवाली दिवसभर एकच शब्द बोलली. "चहा?" म्हणाली, आणि माझ्या कानाकडे बघितलं. मी म्हटलं, "नाही. लोखंडी फणी."

एक लिहायचं राहिलं, सकाळचं. लेक म्हणाली, शाळेच्या वाटेवर मी तुला कारखान्यापर्यंत सोडते. आम्ही दोघी तशाच निघालो. वाऱ्याने केस तोंडावर येत होते, त्याची मला सवय नाही. फाटकाशी वॉचमन उभा होता. अकरा वर्षं रोज मला नमस्कार करणारा माणूस. त्याने काठी आडवी धरली. "ए, मागून जा. पाटी वाचता येत नाही?"

पाटी माझ्या अक्षरातली. मी म्हटलं, "वाचता येते. मीच लिहिलीय."

आवाज ऐकून त्याने तोंडाकडे बघितलं. काठी खाली आली. बिचारा गडबडला. "बाई, तुम्ही! चुकलं, ओळखलंच नाही." मग शेजारी बघितलं. "आणि ही कोण?"

"माझी मुलगी," मी म्हटलं.

त्याने एकदा तिच्या डोक्याकडे बघितलं, एकदा माझ्या.

"हो," म्हणाला, "दिसतंय की."